आक्कांना न दिलेली चिठ्ठी

"आक्का, तोंड उघाड."

इंदूआक्कांनी तोंड उघडलं. मी टॉर्च मारली. जिभेवर, टाळूवर, पार घशापर्यंत दह्याच्या कवड्या चिकटाव्यात तसा पांढरा थर होता. लाकडी पट्टीने थोडा खरवडला तर खाली लाल, सोललेलं.

"भाकर गळामा उतरस नही," आक्का म्हणाल्या. "नुसती कढी पेस."

याला आम्ही ओरल थ्रश म्हणतो. तोंडातली बुरशी. तान्ह्या बाळाला होते. शुगर हाताबाहेर गेलेल्याला होते. दम्याचा पंप ओढून चूळ न भरणाऱ्याला होते. आक्का साठीच्या आसपासच्या. त्यांची शुगर मीच तपासली होती, ती नॉर्मल होती. दमा त्यांना कधीच नव्हता. मग जे कारण उरतं, ते आमच्या धंद्यातला शिकाऊ पोरगाही सांगेल. मला ते तेव्हाच कळलं. तरी मी तोंडात लावायचं औषध लिहिलं आणि म्हणालो, "उष्णता झायी व्हई. चार दिनमा ये."

आक्का उठल्या. दाराची चौकट हाताने चाचपत बाहेर गेल्या. त्यांचा डावा डोळा दोन वर्षांपूर्वी अधू झाला होता. कपाळावर नागीण उठली, ती डोळ्यात उतरली. तेव्हाही उपचार माझेच होते.

माझा दवाखाना नंदुरबारजवळ, आक्कांच्या कोरीटच्या बाजूच्या गावात आहे. सुरुवातीला इथे मला कोणी ओळखत नव्हतं. आक्कांच्या यजमानांनी, आप्पांनी, रस्त्यालगतची खोली दिली. पहिलं वर्षभर माझा डबा त्यांच्याच घरून यायचा. आप्पा मिरचीचे व्यापारी. पथारीवर, म्हणजे वाळवणाच्या मोकळ्या जागेत, मिरची वाळली की माल घेऊन गुजरातेत, इंदूरकडे जायचे. पंधरा-पंधरा दिवस बाहेर. सात-आठ वर्षांपूर्वी त्यांना खोकला धरला, वजन उतरलं. घरच्यांनी सुरतेला नेलं. परत आले ते अंथरुणाला खिळूनच. छातीचा आजार, असं सांगण्यात आलं. सुरतेला कोणत्या तपासण्या झाल्या, हे मी विचारलं नाही. एवढ्या मोठ्या घराला असं विचारायचं नसतं, असं मला वाटायचं.

इथे चिठ्ठीबद्दल सांगायला हवं. सरकारी दवाखान्यात आयसीटीसी नावाची एक खोली असते. एचआयव्हीची तपासणी तिथे होते. समुपदेशक आधी समजावून सांगतो, संमती घेतो, मग रक्त घेतलं जातं. निकाल फक्त त्या माणसालाच सांगतात. पैसे लागत नाहीत. माझं काम इतकंच, की एका चिठ्ठीवर तसं लिहून पाठवायचं.

मिरची तोडायला धडगावकडची डोंगरातली माणसं आमच्या भागात उतरतात. त्यातल्या कोणाला महिनाभर जुलाब असले, अंग सुकलं असलं, की मी बेधडक चिठ्ठी फाडून द्यायचो. तेही मोठ्याने. "सरकारी दवाखान्यात जा, त्या खोलीत रक्त दे." दवाखाना एका खोलीचा, मध्ये नुसता पडदा. बाहेरच्या बाकड्यावर बसलेल्या सगळ्यांना ऐकू जायचं. त्या माणसांचीही काही लाज असेल, हे माझ्या मनात येत नसे.

आक्कांना मात्र थायरॉइड लिहिली. बी-ट्वेल्व्ह लिहिली. सोनोग्राफी झाली, एन्डोस्कोपी झाली. तोंडातली बुरशी दिसली त्या दुपारी नंदुरबारला माझ्या ओळखीच्या एका वयस्कर फिजिशियनना फोन केला.

"वजन कधीपासून उतरतंय?" त्यांनी विचारलं.

"दोनेक वर्षं, सर."

"जुलाब?"

"मधूनमधून."

"नागीण?"

"झाली होती. डोळ्याला."

"नवरा?"

"वारले. छातीचं होतं."

सरांनी विचारलं, "एचआयव्ही केली?"

"नाही. घरंदाज बाई आहेत, सर. गावात मान आहे त्या घराला."

"तुम्ही रक्त तपासता की घर?"

मी झालेल्या तपासण्या वाचून दाखवल्या.

"सोनोग्राफी, एन्डोस्कोपी सगळं झालं म्हणता. म्हणजे फुकटची तेवढी राहिली." त्यांनी फोन ठेवला.

चार दिवस थांबायचं नाही असं ठरवलं. संध्याकाळी मोटरसायकल काढून कोरीटला गेलो. आक्का ओट्यावर सुपात मिरच्या घेऊन देठं खुडत बसल्या होत्या. मुलगा दिलीप कामावरून यायचा होता. सून म्हशीकडे गेली होती. मी शेजारी बसलो.

"आक्का, आपल्याला आणखी एक रक्ताची चाचणी करणं आवश्यक आहे. काही आजार असे असतात, की जे पती-पत्नीच्या संबंधांतून..."

आक्कांचे हात थांबले. "हाई कोनती भाषा बोली ऱ्हायना तू? रेडिओवरनी?"

आम्ही एकमेकांशी कायम अहिराणीत बोलतो. पण अवघड बोलायचं झालं की माझी जीभ शाळेत जाऊन बसते. मी पुन्हा सुरुवात केली.

"आक्का, एचआयव्हीनी तपासनी करनी पडी."

"बाकडावरल्या बायास्ले चिठ्ठी देस, ती?"

"हां."

"मंग दे."

इतकंच. ना रडणं, ना रागावणं. मी एवढा वेळ ज्याला भीत होतो, ते असं दोन शब्दांत झालं. मी खिशातून पॅड काढलं. लिहिताना त्या बोलत होत्या.

"आप्पा सुरतना दवाखानामाईन उना ना, तवयपासून मन्हा हातनं पानी बी लिन्हं नही. म्हने, तू दूर ऱ्हाय. मी इचारं, काय शे? म्हने, छातीनं शे. पन छातीनं तं पोऱ्याले बी लागस. पोऱ्याले कधी दूर कयं नही त्यानी. मालेच."

मला लिहिता येईना.

"तवयपासून मन्हा मनमा शे. डोंगरनी बाई उनी की तू ती चिठ्ठी देस. माले दिन्ही नही. नागीन झायी तवय बी नही. मी म्हनं, डॉक्टरले सगळं समजस. त्यानी नही दिन्ही, म्हनजे माले नही शे. देवना पाया पडनू मी."

"मंग तूच का नही इचारं, आक्का?"

"मी कशी इचारू? डॉक्टर तू शे ना."

मी चाचणी लिहिली नाही, हाच त्यांनी निकाल धरला होता. प्रत्येक वेळी मी बी-ट्वेल्व्हचं इंजेक्शन द्यायचो आणि त्या निश्चिंत होऊन घरी जायच्या. मला वाटत होतं, मी त्यांचा मान राखतोय.

वाचकांसाठी दोन गोष्टी. एक, हा आजार हाताच्या पाण्याने, ताटाने, अंगाला अंग लागल्याने होत नाही. आप्पांनी पाणी नाकारलं, त्याचा काही उपयोग नव्हता. लागण त्याच्या कितीतरी आधी होऊन गेली असणार. दुसरी, लागण झाल्यावर माणूस वर्षानुवर्षं ठणठणीत दिसू शकतो. आतमध्ये प्रतिकारशक्ती हळूहळू झिजत असते. ज्या दिवशी विषाणू अंगात शिरतो आणि ज्या दिवशी तो रक्तात सापडतो, त्या दोन दिवसांमधलं अंतर जितकं मोठं, तितकं नुकसान मोठं. हे अंतर कधी रुग्णामुळे वाढतं, कधी गरिबीमुळे, कधी लांबच्या रस्त्यामुळे. इथे ते माझ्यामुळे वाढलं.

तपासणी पॉझिटिव्ह आली. सीडी-फोर, म्हणजे शरीराच्या राखणदार पेशींची मोजणी, फार खाली गेली होती. शिवाय टीबी निघाला. आधी टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या, काही आठवड्यांनी एआरटी, म्हणजे एचआयव्हीच्या रोज घ्यायच्या गोळ्या. त्या गोळ्या आजार मुळातून काढत नाहीत, पण दाबून ठेवतात. वेळेवर सुरू झाल्या तर माणूस आपलं आयुष्य जगतो. वेळेवर म्हणजे केव्हा, ते आता कोणी मला सांगायला नको.

पहिला महिना वाईट गेला. दोनदा वाटलं, आक्का हातच्या जातात. उलट्या, ताप, अंगात उभं राहण्याचं त्राण नाही. दिलीप रोज विचारायचा, "डॉक्टर, मायले काय शे?" रुग्णाच्या परवानगीशिवाय कोणाला सांगायचं नाही, असा कायदा आहे. मी म्हणायचो, "टीबी शे. बाकी तिलेच इचार." ते खोटं नव्हतं. खरंही पुरतं नव्हतं.

थोडं बरं वाटल्यावर आक्कांनी स्वतःच त्याला सांगितलं. कसं, कुठल्या शब्दांत, मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात आला. बसला नाही. लहानपणापासून माझ्याशी अहिराणीत बोलणारा पोरगा त्या दिवशी शाळेच्या मराठीत बोलला.

"आई दोन वर्षं तुमच्याकडे येत होती. तुम्ही काय करत होतात?"

"ती तपासणी लिहायला मला लाज वाटली, दिलीप."

"कोणाची?"

तो निघून गेला.

आता आक्का भाकर खातात. वजन भरलंय. पण डावा डोळा परत आला नाही. मिरचीत काळी पडलेली वेगळी काढायची तर सून शेजारी लागते. नागीण झाली तेव्हाच चिठ्ठी दिली असती तर डोळा वाचला असता का, हे मी सरांना विचारलं. ते म्हणाले, "डोळ्याचं सांगता येत नाही. पण पुढची दोन वर्षं नक्की वाचली असती."

दिलीप दर महिन्याला त्यांना एआरटी सेंटरला नेतो. येताना माझ्याकडे आणतो. स्वतः आत येत नाही, मोटरसायकलवर बसून राहतो.

मी दवाखान्याच्या मध्ये भिंत घातली, दार लावलं. लक्षणं तीच असतील तर चिठ्ठीही तीच. डोंगरातून आलेल्यालाही आणि पेठेतल्या शेठजींनाही, तेच वाक्य, त्याच हळू आवाजात. एक शेठजी रागावले. त्यांनी डॉक्टर बदलला. जाण्यापूर्वी तपासणी मात्र करून गेले, एवढं माझ्या कानावर आलं. माझ्यासाठी तेवढं पुरे. मान राखायचा म्हणून मी जे विचारत नव्हतो, त्यात राखला जात होता तो माझा संकोच.

मागच्या महिन्यात आक्का बाकड्यावर बसल्या होत्या. एक चांगल्या घरची बाई माझ्या खोलीतून चिठ्ठी घेऊन बाहेर पडली आणि सोबत आलेल्या आपल्या सुनेजवळ फणकारली, "माले दिन्ही ही चिठ्ठी. मन्हाच घर दिसनं का त्याले?"

दार अर्धवट उघडं होतं. आक्कांचा आवाज आला.

"जाई ये ना, बहिन. आते सगळास्ले देस तो."

त्या बाईला काय ऐकू आलं, माहीत नाही. मला फक्त 'आते', म्हणजे 'आता', एवढंच ऐकू आलं.