कासारकाकूंची कानडी

कासारकाकूंनी हात हातात घेतला आणि तोंड गप्प ठेवलं, असं उमरग्यात कुणी पाहिलं नसेल. एरवी त्या मराठीच बोलत; पण बांगडी भरताना पंजा चोळत त्यांची कानडी सुरू होई. हात सैल सोड, जरा दुखेल, आणि बांगडी मनगटावर आली की "आतु, आतु", म्हणजे झालं, झालं. माहेर कर्नाटकातल्या आळंदकडचं. हे काम त्या आईच्या मांडीशी बसून कानडीत शिकल्या आणि परकरातच इकडं सून होऊन आल्या. "त्येच्याबिगर बांगडी चढत न्हाय," म्हणायच्या.

माझी वहिनीही मूळची कानडीच. पण लहानपणी आई गेली, कळंबच्या मामांनी तिला मराठीत वाढवलं आणि ती भाषा पार विसरली. लग्नानंतर निरोप आला, की गावी तिच्या वडिलांच्या अंगावरून वारं गेलंय. त्यांना येत होतं तेवढं मराठीही त्यात गेलं. उरली नुसती कानडी. सुगी उरकली की दादा तिला भेटवून आणणार होता. वडिलांशी चार शब्द बोलता यावेत म्हणून ती काकूंच्या मागे लागली.

मी हौसेनं पाटी-पेन्सिल काढून ठेवली. काकूंनी ती बाजूला सारली, बांगडी भरायची नसतानाही वहिनीचा हात ओढून घेतला आणि चोळायला लागल्या. त्यांच्यामागून वहिनी म्हणू लागली. कधी एखादा शब्द काकूंच्या आधीच तिच्या तोंडून निघे आणि ती स्वतःच दचके.

एकदा तिनं विचारलं, "काकू, 'मला ओळखलंत का' हे कसं म्हणायचं?"

काकू बराच वेळ आठवत बसल्या. "येतंय वाटतं, आन् जातंय बघ," म्हणाल्या. घरात त्या तरी कानडी कुणाशी बोलणार होत्या? मला दोघींचीही फार कीव आली.

सुगीआधीच वडिलांचं जास्त झालं. वहिनीबरोबर मीही गेले. वडील तिच्याकडे बघून पुन्हा पुन्हा काहीतरी विचारत होते आणि तिला एक अक्षर कळत नव्हतं. शेवटी तिनं त्यांचा आखडलेला हात हातात घेतला, बोटं चोळायला लागली आणि तिच्या तोंडून काकूंची कानडी आली. हात सैल सोड, जरा दुखेल. आतु, आतु. त्यांनी मूठ सैल केली. दुपारी ते गेले.

परतल्यावर हे ऐकून काकूंनी डोळ्याला पदर लावला. "म्या येवढंच दिलं गं तुला. माझ्यापाशी तरी कुठं हुतं?"

वहिनीनं हात पुढं केला. काकूंनी तो घेतला, बराच वेळ चोळला; पण त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही.