केसपेपरवरचं ‘घरी’

नांदेडच्या डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडात धरली आणि म्हणाले, “बर्स्ट फ्रॅक्चर.” म्हणजे मणका नुसता मोडला नव्हता, फुटला होता आणि त्याचा तुकडा नसांवर जाऊन बसला होता. माझं डावं पाऊल उचलत नव्हतं. त्याला फूट ड्रॉप म्हणतात. पाऊल ओल्या फडक्यासारखं लोंबतं.

मी वनरक्षक. किनवटच्या जंगलात बावीस वर्षं काढली. उन्हाळ्यात आगीवर नजर ठेवायला मचाणावर चढत होतो, शिडीची पायरी निसटली. सोबत वनमजूर गंगारामकाका होते. त्यांनीच गाडीत घालून मला नांदेडला आणलं. वाटेतलं मला काही आठवत नाही.

ऑपरेशन झालं, मणक्यात स्क्रू बसले. चौथ्या दिवशी कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, निघाली. त्या दिवशीसारखा आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता. पण सुटी देताना डॉक्टर म्हणाले, “चालाल. पण जंगल विसरा.”

वनरक्षकानं जंगल विसरायचं तर खायचं काय? शिरूर अनंतपाळला घरी आलो आणि छताकडे बघत हेच घोकत राहिलो. पाऊल बरं होईल की नाही यापेक्षा मला नोकरीची भीती जास्त वाटत होती.

मेव्हणा शिक्षक आहे. तो अर्ज टाइप करूनच घेऊन आला. रुग्णता निवृत्तिवेतन, म्हणजे आजारपणामुळे नोकरी झेपत नाही म्हणून आधीच मिळणारी पेन्शन. “सही करा दाजी, सुटाल,” म्हणाला. मी पेन हातात घेतलंही होतं. सुमननं, माझ्या बायकोनं, कागद काढून घेतला. आधी ऑफिसात विचारू म्हणाली.

ऑफिसातल्या बाबूंनी फोनवर समजावलं. रुग्णता म्हटलं की नोकरी तिथंच थांबते आणि पेन्शन तेवढ्याच वर्षांवर बसते. जखम कामावरची ठरली तर हिशेब वेगळा. शिवाय नोकरीत अपंगत्व आलेल्या माणसाला घरी बसवायचं नसतं, झेपेल ते काम द्यायचं असतं. भरपाई घेतली की पेन्शनमधून कापतात म्हणे, असं मी भीत भीत विचारलं. ते म्हणाले, “ते वरचे लोक बघतील. आधी जखम कामावरची ठरू द्या. केसपेपर पाठवा.”

सुमननं केसपेपर काढला. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं : घरी शिडीवरून पडून दुखापत.

आमच्याकडे ही रीतच आहे. कुणी कुठंही पडो, दवाखान्याच्या दारात ‘घरी पडला’ सांगायचं. खरं सांगितलं तर पोलीस केस होते आणि पोलीस येईपर्यंत डॉक्टर हात लावत नाहीत, असं सगळ्यांच्या डोक्यात बसलंय. गंगारामकाकांनी तेच केलं असणार. मला त्यांचा फार राग आला. दोन महिने मी त्यांचा फोन उचलला नाही.

अपंगत्वाच्या तपासणीसाठी लातूरला गेलो. बाकावर बसून बसून कंबर धरली. डॉक्टरांनी पायाला टाचणी टोचून बघितली आणि म्हणाले, “टक्के मी लिहीन. कुठं पडलात, ते तुमच्या ऑफिसनं ठरवायचं.”

मग किनवटला चौकशी लागली. मी वॉकर धरून गेलो. गंगारामकाका रोजंदारीवरचे. खोटं बोललो असं कबूल केलं तर त्यांचं काम जाऊ शकत होतं. तरी चौकशीच्या साहेबांपुढे उभे राहून ते म्हणाले, “मीच सांगितलं साहेब, घरी म्हून. पोलिसाला भिलो.” आणि जबाबावर अंगठा दिला.

व्हरांड्यात मी त्यांना गाठलं. घरी पडलो असं का सांगितलंत, विचारलं.

“म्या न्हाई म्हनलो,” ते म्हणाले. “तुमीच गाडीत घरी न्या, घरी न्या करून राहिलते. दवाखान्यातल्या बाईनं इचारलं कुठं पडले, तर तुमी म्हनले घरी. तिनं लिवून घेतलं. म्या गप बसलो, एवढंच. आता माझ्यावर घेतलं, तुमची नोकरी ऱ्हावी म्हून.”

मला लाज वाटली. खरं सांगावं तर माझा दावा माझ्याच तोंडानं बुडतो. न सांगावं तर काकांची रोजी जाते. मी वळलो, आत गेलो आणि म्हणालो, “साहेब, तो शब्द माझा आहे. शुद्ध नव्हती तेव्हाचा.”

साहेबांनी माझी दैनंदिनी मागवली. आम्ही वनरक्षक रोज ती लिहितो आणि रोज तिला शिव्या देतो. पडलो त्या दिवशीच्या पानावर माझ्याच अक्षरात होतं : सकाळी मचाणाकडे रवाना. साहेबांनी जबाब पुन्हा लिहून घेतला, पान जोडलं आणि फाइल वर पाठवली.

उत्तर यायला पावसाळा संपला. तोवर पोस्टमनची सायकल वाजली तरी घाम फुटायचा. दुखापत कामावरची धरली, आणि मला ऑफिसात वायरलेसजवळ बसवलं. सेवा चालू आहे. पेन्शनचं तेव्हाचं तेव्हा.

तुमच्यावर अशी वेळ आली तर सोबतच्या माणसाला एवढंच सांगा : आधी खरी जागा लिहायला लाव. आणि कुणी ‘सुटाल’ म्हणून कागद पुढे केला तर दोनदा वाचा.

पायात पाऊल उचलून धरणारं स्प्लिंट घालून मी रोज नऊला टेबलाशी बसतो. वायरलेसवर मचाणावरून गंगारामकाकांचा आवाज येतो. पायरी तपासली का, असं मी पहिलं विचारतो. तपासली म्हणतात, आणि मग मुद्दाम विचारतात, “तुमी कुठं हाव?”

मी बटण दाबून सांगतो, “कामावर.”