मोरीच्या दातांतले केस

इथं लोक लिहितात ते भुताचे अनुभव मी लॅबमध्ये डबा खाता खाता वाचायचे आणि हसायचे. चकवा, झपाटलेली झाडं, मागून येणारी पावलं... मनात म्हणायचे, या लोकांना कुणीतरी झोपेची गोळी द्या रे! मी हिंगोलीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. लोकांचं रक्त, थुंकी, लघवी – दिवसभर तेच. भूतबित तर सोडाच, साधी किळससुद्धा माझ्यात उरली नव्हती. तेव्हा हे लिहायला मी इतके महिने का घेतले, ते पुढं कळेलच.

माझं माहेर डोंगरकडा गावाजवळचा एक बंजारा तांडा. घर शेतातच. घरात आई – आम्ही याडी म्हणतो – बापू, धाकटा भाऊ गणेश, त्याची बायको आणि त्यांची दोन लहान लेकरं. घरामागं विहीर आहे. प्यायला, सैपाकाला, सगळ्याला तेच पाणी. मी पोहायला शिकले ते त्याच विहिरीत.

मागच्या हिवाळ्यात आम्ही नवरा-बायको मालवणला गेलो. समुद्र मी पहिल्यांदाच बघत होते. मिस्टरांना पाण्याची भीती, पण स्नॉर्केलिंगचं बुकिंग त्यांनीच केलं. म्हणाले, "तू उतर. विहिरीत उड्या मारणारी बाई तू. मी होडीतून व्हिडिओ काढतो."

किनाऱ्याजवळच्या खडकांपाशी होडी थांबवली. मास्क घातला की डोळे आणि नाक दोन्ही काचेच्या आत बंद होतात, श्वास तोंडातल्या नळीनं घ्यायचा. हे मुद्दाम सांगतेय. नाक पूर्ण बंद होतं.

सुरुवातीला फार छान वाटलं. पिवळे-काळे पट्ट्यांचे मासे अगदी हाताशी येत होते. मग ते एकदम नाहीसे झाले... सगळेच. आणि खडकाच्या सावलीतून ती बाहेर आली.

शार्क. आमच्या घरातल्या दिवाणाएवढी लांब. टीव्हीवर दाखवतात तशी तुकतुकीत नव्हती. कातडी जागोजागी सोललेली, त्या पांढुरक्या चट्ट्यांना बारीक किडे लटकलेले. ती घाईत नव्हती. अगदी माझ्या तोंडासमोर येऊन तिनं जबडा उघडला आणि तसाच उघडा ठेवला. तिच्या दातांत केस अडकले होते. काळे, राठ, बोटभर लांब केस, आणि त्यांच्यासोबत सालपटासारखी कातडी. पाण्यात ते हळूहळू हलत होते.

आणि मला वास आला.

बंद नाकाला, पाण्याखाली. खारा नाही, माशाचाही नाही. सडलेल्या मांसाचा, आणि त्यात मिसळलेला आमच्या विहिरीचा – ओली काळी माती, शेवाळ, मोटारीच्या पाइपाचा गंज. तो वास मी झोपेतही ओळखीन. लहानपणापासून त्यातच वाढले. विहीर सडलीय... असं कुणी कानात सांगावं इतकं स्पष्ट मला कळलं.

मला उलटी झाली. नळी तोंडात असतानाच. ती नळीत भरली आणि श्वास ओढताना अर्धी परत माझ्या घशात गेली. उरलेली काचेसमोर ढगासारखी पसरली. ती शार्क त्या ढगातून, तोंड उघडं ठेवूनच, सावकाश निघून गेली. जाताना तिचं अंग माझ्या दंडाला घासलं. काचकागद घासावा तसं.

मला होडीत वर ओढलं. होडीवाले काका म्हणाले, "घाबरू नको गो. मोरी आसा ती. माणसाक काय करणा नाय." तिकडं शार्कला मोरी म्हणतात; आमच्याकडं मोरी म्हणजे न्हाणीतली सांडपाण्याची जागा. तो शब्द ऐकून मला पुन्हा ओकारी आली. काकांनी माझा मास्क धुवायला घेतला, नाकाजवळ नेला आणि झटकन दूर धरला. "ह्यो वास कसलो? ह्यो काय समुद्राचो वास न्हय."

मिस्टरांना काहीच वास येत नव्हता. व्हिडिओतही नुसती एक सावली आहे.

किनाऱ्यावर येताच मी गणेशला फोन लावला.

"विहिरीत बघ," मी म्हटलं.

"बाई, तू समिंदरावर मजा करून राहिली अन् तुला हिरीचं काहून आठवलं?"

"बघ म्हणते ना! आणि ते पाणी कुणी पिऊ नका."

"पाणी तर सकाळीच भरलं. याडी म्हणू राहिली, जरा वंगाळ लागून राहिलं म्हणून. लेकरायला बी जुलाब लागलेत कालपसून. गोळी दिली... थांब, बघतो."

त्याचा फोन परत आला. आधी नुसता ओकण्याचा आवाज. मग म्हणाला, "बाई... डुक्कर हाय. रानडुक्कर. मोटारीच्या पाइपामागं कपारीत अडकून राहिलं. वरून दिसतच न्हाई. फुगलंय. त्याच्या अंगावरून पाणी येऊन राहिलं, अन् आमी तेच..."

  त्या पाण्यात भिजवलेलं पीठ, त्या पाण्यातला चहा, लेकरांच्या दुधात घातलेलं पाणी.

दोन्ही लेकरांना आणि याडीला लगेच कळमनुरीला दवाखान्यात नेलं. लेकरं सलाइननं सावरली. याडीची तब्येत मात्र फार उतरली होती. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं. आम्ही ट्रिप सोडून निघालो. गाडीत मिस्टर एकदाच बोलले, "योगायोग असतो गं." मी दंडावरचा ओरखडा दाखवला. 

आम्ही पोचेपर्यंत डुक्कर गाडून टाकलं होतं. पण गणेशनं मोबाइलवर फोटो काढले होते. तो मला दाखवत नव्हता, मीच हट्टानं घेतले. केस तेच. काळे, राठ. आणि डुकराच्या कुशीचा एक लचका नव्हता. गोल, कडा करवतीनं कापल्यागत दातेरी. जेवणाचं ताट ठेवलं तर बसेल एवढा.

गुरांच्या डॉक्टरांनी फोटो बघितले. म्हणाले, "पडताना दगडानं फाटलं असेल. नाहीतर कासवांनी खाल्लं असेल." मोटार लावून विहीर पूर्ण उपसली. तळाला गाळ, चार मासे आणि ताटलीएवढं एक कासव. बाकी काहीच नव्हतं. कुठं ते मालवण, कुठं आमचा तांडा! मध्ये अख्खा महाराष्ट्र आहे.

तांड्यावर सगळ्यांनी आपापला अर्थ लावून घेतलाय. बापू म्हणतात, देवीनंच ते रूप घेऊन सांगावा धाडला. विहीर साफ झाल्यावर पूजा ठेवली. दवाखान्यातून आलेली याडी काठावर बसली होती, अंगात नीट उभं राहायचं बळ नव्हतं, तरी नारळ तिनंच फोडला. मला म्हणाली, "हात जोड, पोरी. तिनं आपली लेकरं राखली."

मी हात जोडायला गेले, आणि मला तो जबडा दिसला. त्या डोळ्यांत दया नव्हती हो. सांगावा-बिंगावा काही नव्हता. ती खाऊन आली होती, एवढंच. आणि आमच्या घरातली माणसं जे पाणी पीत होती, त्यातलंच ती खाऊन आली होती. ते कसं, कुठून... विचार करून डोकं फुटायची वेळ आली. लॅबमधल्या मॅडमना विचारलं, मिस्टरांच्या शिक्षक मित्रांना विचारलं. सगळे योगायोगच म्हणाले. 

याडी विचारत होती, "काहून गं, हात काहून जोडत न्हाई?"

काय सांगणार तिला? माझी माणसं जिच्यामुळं जगली, तिचे उपकार मला कळतात. पण मनापासून हात जोडायला गेलं की आजही आधी ओकारीच येते. मी पदर तोंडाला लावला आणि घरामागं पळत गेले. सगळ्यांना वाटलं, पोरीला रडू आलं.