घरात गॉगल एकच!

परवा नातीचे डोळे आले, आणि मला भिवंडीतला आमचा गॉगल आठवला... सत्तरच्या दशकातली गोष्ट. बाबा लूमवर कामाला, दोन खोल्यांचं घर, आणि गावभर डोळ्यांची साथ.

डोळे आलेल्या माणसाकडे पाहिलं की आपलेही येतात, ही तेव्हा सगळ्यांची पक्की समजूत. म्हणून स्वतःचे डोळे आल्यावर बाबांनी बाजारातून काळा गॉगल आणला. त्यांचे डोळे बरे झाल्यावर तो आईकडे गेला, मग माझ्याकडे... तो धुवायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

वाचली होती फक्त ताई. आणि तिला जपायचंच होतं, कारण रविवारी जवळच्या शेलार गावाहून पाहुणे तिला बघायला येणार होते. आधीची दोन स्थळं हातची गेलेली, आई नुसती धास्तावलेली.

शनिवारी मला राहवेना. तिला आमचे डोळे दिसायलाच नकोत, म्हणून माझ्या डोळ्यांवरचा गॉगल काढून मी मायेनं ताईला घातला... रविवारी सकाळी तिचे डोळे उघडेनात!

मी रडून गोंधळ घातला. तो ऐकून शेजारच्या नर्सबाई आल्या. "अगं, बघून न्हाय येत! या गॉगलला लागलंय, टॉवेलला, दाराच्या कडीला... जिथं जिथं तुमचे हात लागले तिथं." त्यांनी आम्हाला सगळं घर साबणानं पुसायला लावलं. पाहुण्यांना नका येऊ म्हणायला फोन कुठला? पोहे नर्सबाईंनीच करून आणले.

ताईनं फक्त बशा उचलून हातात द्यायच्या होत्या. तर ही दारातच थांबली. "बशा तुमच्या तुम्ही घ्या. माझे डोळे आलेत, मी हात लावत नाही." आईचा चेहरा पांढराफटक.

मुलाची आई खळखळून हसली. "आमच्याकडं सगल्यांचे डोले यून गेले. टॉवेल एकच हाय ना! पन असं सांगनारी घरात कोनी न्हाय." आणि स्वतः उठून बशी घेतली.

ताई त्याच घरात नांदली. तिथे आजही प्रत्येकाच्या टॉवेलला वेगळा खिळा आहे.

परवा फोनवर मी इतक्या वर्षांनी तिला सॉरी म्हटलं. "वेडी आहेस का," ती म्हणाली, "तू मला गॉगल घातला नसतास, तर मीही मुकाट्यानं बशा दिल्या असत्या."

फार बरं वाटलं... नातीला गॉगल मात्र तिचा तिचा, नवाकोरा आणलाय.