एकोणतीस घरांचा गोड घास

लमदुआनताई गल्लीत दिसली की आमच्या हातातली गोड थंड कॉफीची पिशवी आपोआप पाठीमागे जाते. तेरा वर्षं ती आमच्या गावची आरोग्यसेविका आहे. भातशेती सांभाळून घरोघर फिरते, दंडाला पट्टा बांधते, बोटाला सुई टोचते, आणि जेवणात मीठ किती, साखर किती, हे खोदून खोदून विचारते. तिचं सगळे ऐकतात. ऐकून झालं की पुन्हा तेच खातात.

यंदा ती मेटाकुटीला आली ती विहारातल्या भन्तेंमुळे. सत्तरी उलटलेले, विहारात एकटेच असतात. अनवाणी फिरताना पायाच्या अंगठ्यात काच घुसली. महिना झाला तरी जखम भरेना. उपाशीपोटी साखर तीनशे बारा. डॉक्टरांनी ताईला बजावलं, "तीन आठवड्यांत साखर उतरली नाही, तर अंगठा काढावा लागेल."

भन्ते स्वतः रांधत नाहीत. पहाटे पात्र घेऊन निघतात, आम्ही एकोणतीस घरं वाढतो, तेच ते दुपारच्या आत खातात. आणि आम्ही वाढतो ते आपल्या गेलेल्या माणसाच्या आवडीचं. भन्तेंनी खाल्लं की त्याला पोचतं. आमची गेलेली माणसं एकजात गोडखाऊ.

ताई घरोघर गेली. "तीन आठवडे गोड नको गं बायांनो. मासा द्या, पाला द्या." सगळ्यांनी हात जोडून हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी पात्रात नेहमीपेक्षा जास्त गोड होतं.

कबूल करते, त्यात माझंही होतं. मला वाटलं, बाकीची अठ्ठावीस घरं पालाच वाढणार, म्हाताऱ्याच्या तोंडाला एक घास तरी गोड लागू दे. आईला नारळाच्या दुधातला चिकट भात फार आवडायचा. बाकीच्या अठ्ठावीस घरांनाही अगदी हेच वाटलं होतं.

ताई विहारात आली ती तणतणतच. "खायचंच द्यायला हवं असं कुठं आहे? साबण द्या, टॉवेल द्या, तेही पुण्यच!"

तिची थोरली नणंद बुआफान तिथं झाडत होती. "आमच्या ह्यांनी जिवंतपणी कधी साबण खाल्ला नाही गं."

"वन्सं, थट्टा नको. त्यांचा पाय जाईल."

"आणि आमची माणसं तिकडं उपाशी राहिली तर?"

ताई भन्तेंपुढं गुडघे टेकून बसली. "भन्ते, तुम्हीच नाही म्हणा ना."

"श्रद्धेनं दिलेलं कसं परत करू, पोरी? मी घरटी एकेकच घास घेतो."

"एकोणतीस घास होतात, भन्ते!" हात जोडलेलेच होते, पण आवाज चढला होता. दुपारनंतर भन्तेंना जेवण चालत नाही, म्हणून लोक गोड सरबत आणून देतात; त्याबद्दल बोलायचं तर राहूनच गेलं. रडूच आलं तिला.

तीन आठवड्यांनी अंगठा काढला. भन्तेंना चालवेना, म्हणून आम्हीच डबे घेऊन विहारात जाऊ लागलो. आजारी माणूस, म्हणून डबे जरा मोठेच.

त्याच महिन्यात ताईच्या नवऱ्याचं वर्षश्राद्ध आलं. भोपळ्यात वाफवलेलं नारळाचं कस्टर्ड म्हणजे त्याचा जीव की प्राण. ताईनं डबा उघडला, तर आत उकडलेला मासा आणि कारलं.

बुआफानचा चेहरा पडला. "कारलं? माझा भाऊ कारल्याचं नाव काढलं तरी ताटावरून उठायचा!"

"मग आजही उठू दे," ताई म्हणाली. "त्यांना मी समजावीन, वन्सं. जिवंतपणीही मीच समजावत होते."

भन्तेंनी कारलं खाल्लं, चांगलं पोटभर. ताईचा चेहरा जरा सैलावला. मग त्यांनी बाजूच्या सात वाट्यांतून एकेक घास घेतला. त्यात माझीही एक वाटी होती. या खेपेला साखर निम्मीच घातली होती मी. पण घातली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईनं त्यांच्या बोटाला सुई टोचली. दोनशे सत्त्याऐंशी.

"उतरली की!" भन्ते लहान मुलासारखे खूश झाले.

"उतरली," ताई म्हणाली. मग खाली वाकून त्यांच्या पायाची पट्टी सोडली, शेजारचं बोट दाबून पाहिलं. ते काळं पडायला लागलं होतं.