पुसू का?

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शेवटी मी पिरंगुटच्या एका कारखान्यात कॉम्प्युटरवर बसायचे. अख्ख्या ऑफिसात मशीन एकच, आणि त्याची डिस्क संध्याकाळपर्यंत गच्च. दिवसभराच्या कच्च्या फायली पुसल्याशिवाय घरी जायचं नाही, असा साहेबांचा हुकूम. प्रोग्राम दर फाईलला इंग्रजीत विचारायचा, पुसू का? आमच्या घोटावड्यात विचारण्यालाही पुसणंच म्हणतात, म्हणजे हे मशीन पुसायचं का ते पुसत बसायचं. मी हो म्हटलं की एक फाईल जायची, आणि उरलेली सगळी यादी ते पहिल्यापासून लावायला घ्यायचं. एक भांडं विसळायचं आणि अख्खी मांडणी पुन्हा लावायची, असला कारभार. तोवर घोटावड्याची बस माझ्यादेखत निघून जायची. पुढची यायची ती अंधार पडल्यावर.

घरी लेक होती, अंगावर पिणारी. सासूबाई तिला सांभाळायच्या. दुपारनंतर छाती भरून दुखायची, ब्लाउज ओला व्हायचा, आणि मी पदर घट्ट ओढून आपली हो, हो, हो दाबतेय. वाटायचं, हे मशीन उचलावं आणि नदीत टाकून द्यावं.

ज्यानं प्रोग्राम लिहिला तो पुण्याचा माणूस पुन्हा फिरकला नाही. शेवटी जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून मीच त्यात हात घातला. बरेच दिवस गेले त्यात. मग जमलं. आधी सगळ्या फायलींवर खुणा, मग एकदाच विचारायचं, एकदम पुसायचं, आणि यादी अगदी शेवटी एकदाच लावायची. चहा कपात ओतेपर्यंत डिस्क मोकळी.

साहेब मागेच उभे होते. "एवढ्यात झालं? नक्की गेलं का सगळं?" मी रिकामी यादी दाखवली. "मग बाई, उद्यापासून स्टोअरचं कामही तुम्हीच बघा. वेळ उरतोय तुम्हाला."

कपाळ माझं. उद्याचं उद्या बघू म्हटलं, पर्स उचलली आणि बस गाठली.

घरात शिरले तेव्हा अंगणात ऊन होतं. सासूबाई पोरीला मांडीवर घेऊन वाटी-चमच्यानं दूध पाजत होत्या. मी पाय धुऊन बसले, हात पुढे केले. पोरीनं माझ्याकडे नीट बघितलं आणि तोंड फिरवून आजीच्या पदरात घातलं.

सासूबाई काही वाईट मनानं बोलल्या नाहीत. त्याही दमल्या होत्या.

"आदी लई रडायची गं," त्या म्हणाल्या. "आता न्हाई तुला पुसत."