शनिवारची फायनल, रविवारची निवड

सकाळी फुटबॉल अकादमी आणि संध्याकाळी शाळेचा संघ, असं माझं नववीचं वर्ष गेलं. अप्पांच्या स्कूटरवर मागं बसून मैदानावर जायचं, तिथून घामेजलेल्या अंगानंच वर्ग गाठायचा आणि शाळा सुटली की पुन्हा बूट चढवायचे. अव्वा, म्हणजे माझी आई, एरवी मराठी बोलायची, पण माझे सोललेले गुडघे बघितले की तिचं कानडी सुरू व्हायचं.

मला अकादमीत घातलं ते शाळेतल्या आमच्या खेळाच्या बाईंनी. कोल्हापुरात तालमींच्या फुटबॉल संघांच्या मॅचला अख्खं गाव लोटतं. पोरींच्या मॅचला आमच्या आयासुद्धा येत नसत. बाई सरळ शाहूपुरीत अप्पांच्या दुकानात आल्या आणि गिऱ्हाइकासमोरच म्हणाल्या, "हिच्या डाव्या पायात खेळ आहे. वाया घालवू नका." अप्पा सहसा कुणाचं ऐकत नसत. बाईंचं मात्र ऐकलं. त्या दिवसापासून बाई म्हणतील ती माझी पूर्वदिशा.

अकादमीच्या सरांना मात्र शाळेचा फुटबॉल खपत नसे. "तिकडं ढेकळांत पाय मोडून घेशील आणि हितं आम्ही बसतो हात चोळत," असं ते येता-जाता सुनवायचे. तरी बाईंच्या शब्दाखातर मला दोन्हीकडं खेळू देत होते.

मग एकदा दोन्ही एकाच दिवशी आलं. पुण्याहून काही लोक अकादमीत मुली निवडायला येणार होते. निवड झालेल्यांना पुण्यातच राहून शिकायला आणि खेळायला मिळणार होतं. चाचणी शनिवारी आणि आंतरशालेय फायनलही शनिवारीच. मला जेवण जाईना. बाईंना विचारलं, तर त्यांनी माझ्या डोक्यावर टपली मारली.

"मी बोललेय सरांशी. ती माणसं रविवारीही आहेत. तुला रविवारी सकाळी बघणार आहेत. शनिवारी निवांत खेळ."

मी निवांत खेळले. डावीकडनं मारलेल्या माझ्या कॉर्नरवर आमच्या एकीनं हेडरनं गोल केला आणि शाळा पहिल्यांदाच जिंकली. बाई मैदानात धावत आल्या. आमची गोलकीपर माझी जिवाभावाची मैत्रीण; ती तर माझ्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली. मला वाटलं, आनंदानं.

रविवारी अप्पांबरोबर अकादमीच्या मैदानावर गेले, तर तिथं एक माळी पाइपनं गवताला पाणी मारत होता.

"चाचणी? ती काल झाली की. पावणं रातच्यालाच गेलं."

अप्पांनी तिथूनच सरांना फोन लावला आणि माझ्या हातात दिला. सर म्हणाले, "तुझ्या बाईंनीच कळवलं मला. तुला शाळेकडनंच खेळायचंय, तू येणार न्हाईस म्हणून. मी तुझ्या जागी दुसरी पोरगी उभी केली."

परत येताना मी स्कूटरवर मागं त्यांचा शर्ट धरून बसले होते. रडायलाही सुचत नव्हतं.

सोमवारी बाई मैदानावर एकट्याच होत्या, चुन्याची रेघ मारत. मी विचारल्यावर त्यांनी आडपडदा ठेवला नाही.

"हो, खोटं बोलले. हरलो असतो तर पुढच्या वर्षी मुलींचा संघच बंद होणार होता. बाकीच्या दहाजणींनी कुठं जायचं? तुझ्या पायात खेळ आहे, तुला आणखी संधी येतील."

"मला विचारायचं तरी, बाई."

"विचारलं असतं, तर काय म्हणाली असतीस?"

मला उत्तर सुचलं नाही. आजही सुचत नाही, आणि सगळा राग त्याचाच आहे. ते उत्तर माझं होतं. त्यांनी ते मला देऊच दिलं नाही.

नळापाशी गोलकीपर उभी होती. माझ्या तोंडाकडं बघून तिनं मान खाली घातली.

"तुला माहीत होतं?"

"व्हय."

"सगळ्यांना?"

"बाईंनी शपथ घातलती." मग एकदम चिडून म्हणाली, "आन् आमाला बी जिंकायचं हुतं की! तू नसतीस तर आमाला कोण विचारतंय?"

शाळेच्या संघात मी पुन्हा उतरले नाही. माझ्या जागी उभी राहिलेली मुलगी पुण्याला गेली. सर मला सरावाला येऊ द्यायचे. मॅचला मात्र बाकावर बसवायचे. त्यांच्या लेखी मी शाळेलाच धरून बसलेली पोरगी होते. खरं सांगून पाहिलं. "बाई असं कशाला करतील?" म्हणाले. दहावीनंतर माझा खेळ सुटला तो सुटलाच. बाई म्हणाल्या होत्या तशी दुसरी संधी काही आली नाही.

शाळेत मुलींचा संघ अजून आहे. लोक बाईंचं कौतुक करतात, आणि ते खोटं नाही.

गेल्या वर्षी गोलकीपरच्या लग्नाला गेले होते. जुना संघ स्टेजवर जमला. बाई नवरीशेजारी उभ्या होत्या, केस पिकलेले. मला बघून त्यांनी हात केला.

"ये की गं! तू मधे उभी राहा. तुझ्याशिवाय फोटो कसला?"

दहाही जणी माझ्याकडं बघत होत्या.

"माझं जेवायचं राहिलंय, बाई," मी म्हणाले आणि पंगतीकडं गेले.